उंदराचं औषध

पांडेसरा, सुरत
२२ नोव्हेंबर १९९६

सुषमे,

दिवाळीत आशीर्वाद दिलेत, तेच पुरवून वापर. कागद लहान आहे.

तू गेल्यावर चाळीत सांगितलं की नातीला पुण्याला नोकरी लागली. बाया विचारतात, कसली? म्हटलं, औषधं शोधणाऱ्यांकडे उंदीर सांभाळते, त्यांचं दुखलंखुपलं बघते. चंचलबेनच्या हातातली बादली खाली पडली. म्हणते, "बा, अमे तो उंदर मारवानी दवा मूकीए!" खरंच आहे तिचं, आपण उंदीर मारायचं औषध ठेवतो. दोन वर्षांमागे याच गावात उंदीर मेले, प्लेग आला म्हणून माणसं नंदुरबार-भुसावळच्या गाड्यांना लोंबकळत पळाली. तुम्हीही पळालात. मी राहिले, कारण डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि पाय मला घरीच लागत होते. दार लावून गोधडी शिवत बसले. उंदरांनी मला काही केलं नाही, मी त्यांना काही केलं नाही. आता तू त्यांची सेवा कर, म्हणजे फिटलं.

तुझ्यासाठी नवी गोधडी घेतली आहे शिवायला. तुझा बाप मिलमधून चिंध्या आणतो, साडीचे कापून टाकलेले काठ. हिरवा आणि राणी रंग जास्त आहे. पुण्याच्या थंडीला रंग कळत नाही.

आता कामाचं. पलसाण्याचा छगन मुकादम परवा येऊन गेला. त्याच्या पुतण्यासाठी तुला मागतो. चेतन नाव. मुलगा चांगला आहे, म्हणजे अजून काही केलेलं नाही त्याने. तुझा बाप मान हलवत होता. मी म्हटलं, गणपत, पोरगी नोकरीवर आहे, मान जपून हलव. तर म्हणतो, "ठीक आहे, पण घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर तिला आणावीच लागेल. तुझी सून कुसुम मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायला जाते, बघणार कोण?" एकदा आणली की परत पाठवणार नाही, हे तो बोलला नाही. मी त्याला दूध पाजलेलं आहे, न बोललेलं मला ऐकू येतं. म्हटलं, मला काय धाड भरली आहे? दगडासारखी आहे मी.

तेव्हा तू तिकडेच राहा. अक्षर वाकडं दिसलं तर मास्तराला बोल. डाव्या हाताने लिहिते म्हणून छडी मारली त्याने, मी दुसरीतच त्याची शाळा टाकली. हात अजून तोच आहे.

आजी

---

पुणे
५ डिसेंबर १९९६

ती. आजी, पाया पडते.

तुझं पत्र मी प्राणीगृहाच्या पायरीवर बसून वाचलं आणि एकटीच हसले. चंचलबेनना सांग, माझे उंदीर पांढरे आहेत, लाल डोळ्यांचे, आणि त्यांना हातात घेतलं की ते बाहीत शिरतात.

काम काय ते सांगते. इथे त्यांच्या पायाच्या हाडावर शस्त्रक्रिया करतात, ते हाड कसं भरतं ते बघायला. नंतर सकाळ-संध्याकाळ दुखणं थांबवायची सुई देतात. नाव लांब आहे, ब्युप्रेनॉर्फिन. तू अफूच्या कुळातलं म्हण. पण सगळ्यांना देत नाहीत. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं खारं पाणी. औषधाने हाड भरायला उशीर होतो का ते सरांना बघायचं आहे. कुणाला काय, ते मला माहीत असतं, कारण सुई मीच देते.

उंदीर दुखणं लपवतो, आजी. दुबळा दिसला तर खाल्ला जाईल, हे त्याच्या रक्तात आहे. माणूस समोर असला की तो सरळ बसतो, मिशा साफ करतो. म्हणून खोलीबाहेर जाऊन दाराच्या काचेतून बघायचं. मग तो पाठीची कमान करतो, डोळे आवळून घेतो. आणि एक खूण आहे ती त्याला लपवता येत नाही. पिंजऱ्यात कागदाच्या पट्ट्या टाकायच्या. बरा असेल तो रात्रीतून पट्ट्या कुरतडून घरटं करतो. दुखणाऱ्याच्या पट्ट्या सकाळी जशाच्या तशा.

पाणी दिलेल्यांच्या पट्ट्या मी रोज जशाच्या तशा उचलते. सरांना सांगितलं. ते म्हणाले, अभ्यास संपेपर्यंत थांब.

गोधडी किती झाली?

तुझी सुषमा

---

पांडेसरा
१६ डिसेंबर १९९६

सुषमे,

गोधडीची घाई करू नको, थंडी काय पळून चालली नाही. वीतभर झाली.

आपल्या समोरच्या खोलीत एक म्हातारी भाड्याने आली आहे. पार्वती. माझ्याच वयाची, तोंडाने माझ्यापेक्षा वाईट. तिला छातीत गाठ होती. लाजेने वर्षभर पदराखाली ठेवली. आता दुखण्याने पाठीचा कणा धरला आहे. खाली बसली की उठता येत नाही, उठली की बसता येत नाही, म्हणून भिंतीला टेकून उभी असते. लोकांना वाटतं म्हातारी किती ताठ.

तिला डॉक्टर तापाची गोळी देतो. तुझ्या उंदराला अफूची सुई आणि बाईला तापाची गोळी. हे कुठलं शास्त्र? आमच्या वेळी शेतावर जाताना पोराला मोहरीएवढी अफू चाटवायचो, झोळीत टाकायचो, दिवसभर हूं नाही की चूं नाही. तुझ्या बापालाही चाटवली आहे, अजून कधी कधी उतरलेली दिसत नाही. तेव्हा वाण्याकडे मिळायची. आता विचारलं तर वाणी असा बघतो जसं मी त्याचं दुकान जाळायला आले.

तर मी म्हणते, तुझ्याकडे दोन बाटल्या आहेत, एक औषधाची, एक पाण्याची. एखाद्या उंदराला चुकून पाणी गेलं तर त्याची आजी काही सुरतेत रडत बसणार नाही. लोटू भाऊ ट्रक घेऊन पुण्याला येत असतो, साड्यांचे गठ्ठे टाकायला. त्याच्या हातात दे. मी पार्वतीचं म्हणते आहे. मला काय त्याचं.

आजी

---

पुणे
२७ डिसेंबर १९९६

ती. आजी,

तुझं पत्र वाचून मी औषधाच्या कपाटापाशी गेले. कपाटाला दोन कुलुपं आहेत, एक किल्ली माझ्याकडे, एक सरांकडे. तरी जमवता आलं असतं, सुया द्यायच्या वेळी दोन्ही उघडी असतात. खोटं कशाला बोलू, मी हात घातला होता. बाटली खिशात टाकून खोलीत आले. मग ज्याला औषध द्यायचं त्याच्यापुढे पाण्याची सुई धरून उभी राहिले. तो नेहमीसारखा माझ्या बाहीत शिरला. मी बाटली परत ठेवली. तू मला बावळट म्हणशील, म्हण.

पण चोरायची गरजच नाही. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. हेच औषध माणसांनाही देतात, सुरतेतही मिळतं, फक्त डॉक्टरने कागदावर लिहून द्यावं लागतं. स्टेशनकडे एक डॉक्टर आहेत ते देतात, पत्ता मागे लिहिला आहे. पार्वतीबाईंनी त्यांना एवढंच करायचं आहे: खरं सांगायचं. किती दुखतं, कधी, झोप लागते का. डॉक्टरसमोर ताठ उभं राहायचं नाही. आणि घरातल्या माणसाला सोबत न्यायचं, कारण औषध रोज द्यायचं, कुणीतरी लक्ष ठेवायला लागतं.

त्यांच्या घरी कोण आहे? मुलगा आहे का? त्याला माहीत आहे का?

गोधडी कुठवर?

सुषमा

---

पांडेसरा
११ जानेवारी १९९७

सुषमे,

बावळट तर तू आहेसच. बापावर गेलीस.

पार्वती गेली होती डॉक्टरकडे, जवळच्याच, एकटी. तो खुर्चीतून न उठता विचारतो, "केम छो, बा?" हिच्या तोंडातून निघालं, "मजामा." झालं. मजेत असलेल्या बाईला त्याने तीच गोळी दिली, ही घेऊन आली. तिचा तरी काय दोष? सुरतेत जन्म काढला की मजामा हे तोंडात जिभेसारखं असतं. घर पाण्यात गेलं तरी मजामा, विणायचा संचा बंद पडला तरी मजामा.

मुलगा आहे तिला. सांगत नाही ती त्याला. सांगितलं तर घरचं एक माणूस बांधलं जाईल, असं म्हणते. कुणाला तरी आपल्या खाटेच्या पायाला बांधून मग सुई घ्यायची, त्यापेक्षा नको ती सुई. वेडी आहे, पण तिचं म्हणणं मला पटतं.

उतराण आली. पोरं पत्र्यांवर पतंग घेऊन नाचतात, घराला हादरे बसतात. संक्रांतीला येऊ नको, गाड्यांना गर्दी असते. होळीलाही असते. छगन मुकादम परत आला होता. मी भिंतीला टेकून उभी राहूनच त्याला चहा दिला, बस म्हटलं नाही.

आजी

---

पुणे
२० जानेवारी १९९७

आजी,

मी तुझी सगळी पत्रं एकाखाली एक मांडून बसले आहे.

पहिल्यात हिरवे आणि राणी काठ आहेत. दुसऱ्यात वीतभर. मग मी विचारलं तरी गोधडीचं नावच नाही. प्लेगात आख्खी चाळ पळाली तेव्हाही तू दार लावून शिवत होतीस. तुझ्या पट्ट्या जशाच्या तशा पडल्यात, आजी. मला काचेतून दिसतंय.

दिवाळीत चार दिवस तू ओट्यापाशी भिंतीला टेकून उभी होतीस. मला वाटलं, माझी आजी किती ताठ. मी समोर होते ना.

समोरच्या खोलीत पार्वती नाही. भिंतीला टेकून छगन मुकादमाला चहा कोणी दिला ते तूच लिहून गेलीस.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. बाबांना सांगू नको, मी आल्यावर सांगेन. त्या स्टेशनकडच्या डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ.

सुषमा

---

पांडेसरा
२३ जानेवारी १९९७

सुषमे,

हे पत्र लोटू भाऊ हातोहात आणतो आहे. आधी पूर्ण वाच, मग पिशवीतले कपडे बाहेर काढ.

आजवर टपालवाल्याची सायकल वाजली की मी दारात असायचे. या वेळी उठायला उशीर झाला. तुझ्या बापाला मिलची रजा होती. पाकीट त्याने फोडलं, आणि मोठ्याने वाचायला लागला, त्याला मनात वाचता येत नाही. "समोरच्या खोलीत पार्वती नाही" इथपर्यंत आला आणि विचारतो, कोण पार्वती? मग मी गाठीचं सांगितलं. कुसुम भाकरी थापत होती ती तव्यावर तशीच जळली. मग हा बाप्या माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "माय, माले काबर नही सांगं?" म्हटलं, "तुले सांगून काय, तू मुकादमाले सांगतास." बरोबर बोलले का नाही? तासाभरात चहाच्या गाडीवर जाऊन छगनला सांगून आला की पोरगी शनिवारी येते. रविवारी बघायला येणार आहेत. म्हणजे मी मरायला टेकले हे त्याला रडू आणणारं आहे आणि सोयीचंही आहे. वाईट नाही तो. गरिबाला एका वेळी एकच काही वाटू द्यायची चैन नसते.

मग मी सौदा केला. म्हटलं, गणपत, मी डॉक्टरकडे येते, खरं सांगते, सुई घेते. पण पोरीला बोलवायचं नाही. बोलावलीस तर सुई घेणार नाही, आणि आजवर गप्प होते, मग ओरडेन. सगळ्या चाळीला, मिलच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल की गणपतची माय कशी मरते. तो घाबरला. लोकांना तो नेहमी घाबरतो, त्याचा उपयोग करून घ्यावा.

काल गेलो स्टेशनकडे. डॉक्टरने तेच विचारलं, केम छो, बा. मी जीभ चावली आणि म्हटलं, "मजामा नथी." जन्मात पहिल्यांदा म्हटलं. मग ते सगळं आपोआप बाहेर आलं, मला थांबवता आलं नाही, तुझा बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता. डॉक्टरने लिहून दिलं. शेजारी औषधवाला म्हणतो, बा, हे अफूचं आहे, सवय लागेल. म्हटलं, भाऊ, सवय लागायला माणूस टिकावा लागतो.

गल्लीतला प्रवीण कंपाउंडर येऊन टोचतो. दुखणं गेलं असं नाही. शेजारच्या खोलीत जाऊन बसलं, भिंतीतून आवाज येतो, पण माझ्या खाटेवर नाही. मळमळतं.

आता ऐक. तुला तुझ्या शास्त्राची खूण हवी ना? पत्रासोबत गोधडीचा शिवलेला चौकोन पाठवत जाईन. चौकोन आला की समज, घरटं चाललं आहे. येऊ नको. तू दारात आलीस की माझा सौदा मोडला, आणि तुझ्यावर कडी लागली.

आजी

---

पुणे
३० जानेवारी १९९७

ती. आजी,

तिकीट परत केलं. शनिवारी स्टेशनवर जाऊन, रांगेत उभी राहून परत केलं, आणि मग फलाटावर बसून गाडी जाताना पाहिली. तुझा राग आला.

तुला मळमळतं ते त्याच सुईने. माझे उंदीर या औषधाने कधी कधी पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा खातात, त्यांना ओकता येत नाही म्हणून असेल असं आमचे डॉक्टर म्हणतात. तू लिंबू चाट, आणि डॉक्टरांना सांग.

चौकोनाची वाट बघते.

सुषमा

---

पांडेसरा
२० फेब्रुवारी १९९७

सुषमे,

चौकोन सोबत आहे. राणी रंगावर हिरवा. बघ, मोज, काचेतून बघ.

भुसा अजून खाल्ला नाही. कुसुमने केलेली खिचडी खाल्ली, फार फरक नव्हता. तिने रात्रपाळी घेतली आहे, दिवसा माझ्याजवळ बसते. तुझी आई इतकी वर्षं माझ्याशी बोलली नव्हती तेवढं आता बोलते, सगळं तिच्या माहेरचं. सुईमुळे सहन होतं.

मुकादमाला होळीनंतर बघू म्हणून सांगितलं आहे.

आजी

---

पुणे
१ मार्च १९९७

आजी,

तू डावरी आहेस. तुझा टाका डावीकडे झुकतो, लहानपणापासून तुझ्या गोधड्यांवर बोट फिरवत झोपले आहे मी. या चौकोनाचा टाका उजवीकडे झुकतो, आणि दोऱ्याची गाठ वरच्या बाजूला आहे. गाठ वर ठेवते म्हणून तू आईला किती बोलायचीस.

शिवण आईची आहे. उंदराला हे सुचलं नसतं.

अभ्यास गेल्या आठवड्यात संपला. ज्यांना पाणी दिलं त्यांचं हाडही काही लवकर भरलं नाही. सर म्हणाले, पुढच्या वेळी सगळ्यांना औषध देऊ. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? रोज मीच टोचत होते त्यांना पाणी, आणि थांब म्हटलं म्हणून थांबत होते. तू पण मला थांबच म्हणतेस. आता थांबणार नाही. बाबांनी कडी लावली तर लावू दे. येत्या शनिवारी निघते.

सुषमा

---

पांडेसरा
५ मार्च १९९७

सुषमे,

लोटू भाऊ निघायचा थांबला आहे, म्हणून थोडक्यात.

हो, शिवण कुसुमची. मी रंग सांगितला, तिने शिवलं. गाठ वर ठेवू नको म्हटलं होतं, ऐकते का? डाव्या हातात आता सुई राहत नाही. हे पत्रही उजव्याने लिहिते आहे, मास्तर जिंकला.

ये. पण मी सांगते तशी ये.

येतानाच परतीचं तिकीट काढ, तारीख घालून. घरात शिरलीस की बापाच्या देखत माझ्या हातात दे. ते माझ्या उशीखाली राहील. मेल्या बाईच्या उशीखालून काही काढायची गणपतची छाती नाही, आणि जिवंत आहे तोवर मी काढू देत नाही. तू आलीस हे कळलं की छगनची माणसं होळीची वाट न बघता रविवारी येतील. त्यांना चहा तू करू नको, कुसुम करेल. तू माझ्याजवळ बस आणि त्यांना उंदरांचं सांग, सगळं, हाडाचं, सुयांचं, बाहीत शिरतात ते. चेतनची आई उंदराच्या नावानेच पाय वर घेते असं कळलं आहे.

सोमवारी परत जा. मी अजून असेन, नसेन, गाडी चुकवायची नाही.

प्रवीण आता सुई तीनदा टोचतो. तरी मधे मधे ते दुखणं शेजारच्या खोलीतून उठून येतं. तेव्हा मी कशी दिसते ते मला माहीत नाही, कुसुमला माहीत आहे, ती सांगत नाही.

म्हणून शेवटचं. तुला सवय आहे, दाराबाहेर उभं राहून आधी आत बघायची. ते तुझ्या उंदरांपुरतं ठेव. आपल्या दाराला मोठी फट आहे, तिथे डोळा लावायचा नाही. गल्लीच्या तोंडापासून चपला वाजवत ये. चंचलबेनला मोठ्याने हाक मार, नळावर पाय धू, बादली आपट, खाकर.

मला उठून बसायला तेवढा वेळ लागतो.

आजी